रोहूचे काटे आणि जेवणाआधीची प्रार्थना

डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या डब्यातून काय काय नाहीसं होतं, याचा अनुभव माझ्याइतका रायपुरात कुणाला नसेल. आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत दुपारी आम्ही सगळे एका लांब टेबलाशी डबे उघडून बसतो. डबा उघडला की मी हात जोडते, डोळे मिटते आणि अन्नाबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानते. फार वेळ लागत नाही. पण तेवढ्यात माझ्या डब्यातला माशाचा तुकडा कुणाच्या तरी पोळीवर जाऊन बसलेला असतो. डोळे उघडून मी एकेकाच्या तोंडाकडं बघते, तर सगळे असे साळसूद, जणू मासा स्वतःच पोहत पलीकडं गेला.

सुरुवातीला मला फार राग यायचा. तसा मला राग लवकरच येतो. माझा नवरा म्हणतो, तुझ्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात कुणीतरी मिरची टाकली असणार. पण पुढं पुढं मला त्या चोरीची सवय झाली आणि मीच दोन तुकडे जास्त तळून आणायला लागले. ते बघून त्यांनी चोरी वाढवली. चोर घरचीच माणसं म्हटल्यावर काय करणार?

मी मूळची नगर जिल्ह्यातली. पणजोबांच्या काळात आमचं घराणं ख्रिस्ती झालं, त्यामुळं मला हा धर्म चांदीच्या ताटात नाही, पण भाकरीच्या टोपलीबरोबरच मिळाला. वडील शाळामास्तर होते. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना पाऊसपाण्यापासून सुरू व्हायची, गावातले आजारी, नापास झालेली मुलं, सासुरवाशिणी, सगळ्यांची वास्तपुस्त करत ताटाकडं यायची. तोवर भाकरी गार. शेवटी आई एकदा खोकायची. तो खोकला ऐकला की वडील लगेच आमेन म्हणायचे. मी माझी प्रार्थना आखूड ठेवली ती त्या गार भाकरीमुळंच. पण आभार मानल्याशिवाय घास तोंडात घातला, असं मात्र मला आठवत नाही. ते न करता जेवणं म्हणजे पाहुण्याच्या घरी जाऊन यजमानाशी न बोलताच पानावर बसणं, असं वडील म्हणायचे आणि मला ते पटलेलं आहे.

नवरा रेल्वेत, म्हणून आम्ही रायपूरला आलो आणि समता कॉलनीत राहिलो. रविवारची उपासना हिंदीत, बाजार हिंदीत, मुलाशी मी मराठीत बोलले तरी त्याचं उत्तर हिंदीत. नवरा सोडला तर माझं मराठी इथं दोघांशीच उरलंय, एक देव आणि दुसरे आमच्या प्रयोगशाळेतले भाऊ. पहिला सगळं ऐकून घेतो, दुसरे एकही वाक्य पुरं करू देत नाहीत.

भाऊ वयानं माझ्यापेक्षा थोडे मोठे. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला इकडं आले आणि घर बीरगांवला झालं. त्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव एका पोत्यात बांधून नदीत सोडले होते. भाऊ ही गोष्ट अशा अभिमानानं सांगतात की जणू पोतं त्यांनीच उचललं होतं. देव या विषयावर त्यांचा आणि माझा वाद कधी मिटला नाही.

"ताई, तांदूळ शेतकऱ्यानं पिकवला, मासा कोळ्यानं पकडला, सैपाक तुमी केला," ते म्हणायचे. "आन आभार भलत्याचेच मानून राहिल्या. काहून?"

"कोळ्याचेही मानते."

"मंग त्याले सांगून या. डोये मिटून काय सांगता?"

आणि हे बोलताना त्यांच्या तोंडात माझा मासा असायचा.

टेबलावरची तिसरी म्हणजे दीदी. दीदी इथलीच, छत्तीसगढची. माहेर राजिमजवळ, महानदीच्या काठावर, म्हणजे लहानपण सगळं मासे खाण्यात गेलेलं. सासर मात्र गळ्यात तुळशीची कंठी घालणारं, आपल्याकडच्या माळकऱ्यांसारखं. लग्न झालं त्या दिवसापासून तिच्या घरात अंडंसुद्धा आलं नाही. दीदीनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त माझ्या डब्याचं झाकण निघालं की तिच्या चेहऱ्यावर माहेरचा वारा यायचा. भाऊंच्या संगतीत तीही मला ताई म्हणायला शिकली होती. "ताई, हमर बर भी प्रार्थना कर देबे," असं ती अधूनमधून म्हणायची, म्हणजे माझ्यासाठीही कर. मी करायची. विशेषतः तिच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून, कारण दीदीला त्याचा घोर लागला होता.

आणि ते जमलं. मुलगा चांगला, शिकलेला, घर शेतीवाडीचं, तेही कंठीवालं. दीदीनं सगळ्यांना पेढे दिले. त्याच आठवड्यात मी रोहू आणला. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर लावून तळलेला, बरोबर भात. नेहमीप्रमाणं मी डोळे मिटले. नेहमीप्रमाणं डबा फिरला. रोहूत काटे फार, बारीक आणि फाटे फुटलेले. त्यामुळं ज्यांनी ज्यांनी तुकडा पळवला ते सगळे मान खाली घालून, अगदी तल्लीन होऊन काटे काढायला लागले. भाऊंना ते दृश्य मजेदार वाटलं. त्यांनी मोबाइल समोर धरून फोटो काढला आणि टेबलावरच्या सगळ्यांना पाठवून दिला.

तो फोटो मी पुढं कितीदा तरी पाहिला. मधोमध मी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. दोन्ही बाजूंनी माझे सहकारी, सगळ्यांच्या माना खाली, चेहरे गंभीर. ताटं डब्यांच्या झाकणांमागं लपलेली. मासा कुठंही दिसत नाही. बघणारा शपथेवर सांगेल की ही प्रार्थना सभा आहे आणि मी ती चालवते आहे. देव न मानणाऱ्या माणसाच्या मोबाइलमधून असा फोटो बाहेर पडावा, याला काय म्हणायचं?

दीदीची साडी त्या दिवशी नवी होती. फोटोत ती खुलून दिसत होती. तिनं तोच फोटो आपल्या स्टेटसला लावला.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला कळलं ते एवढंच, की काही दिवसांनी आमच्या नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तरुण, मोठ्या शहरात शिकलेले, अतिशय नम्र. बसा म्हणाले, पाणी मागवलं. मग म्हणाले की टेबलावरच्या प्रार्थनेबद्दल तक्रार आली आहे.

"कुणाची?"

"ते महत्त्वाचं नाही, मॅडम. मी स्वतः काहीच मानत नाही, त्यामुळं मला कुणाच्याच धर्माचं वावडं नाही. पण ही विज्ञानाची जागा आहे. इथं कुठल्याही धर्माचं प्रदर्शन नको. तुम्ही मनातल्या मनात करा ना."

"मी मनातल्या मनातच करते."

"पण डोळे मिटता. हात जोडता. ते दिसतं."

मी त्यांना विचारलं की विश्वकर्मा पूजेला आपण नव्या यंत्राला हार घातला, कुंकू लावलं, तुम्ही स्वतः नारळ फोडला, ते कुणाला दिसलं नव्हतं का? मला त्या पूजेबद्दल काडीचाही राग नाही. खोबरं मीही खाल्लं होतं आणि ते गोड होतं.

"ते कल्चर आहे, मॅडम," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

"आणि माझं?"

ते नुसतं हसले. एखाद्यानं शिव्या दिल्या तर मला बरं वाटतं, परत देता येतात. त्या हसण्याला काय परत देणार? शिकलेल्या लोकांत हे हसू मी पुष्कळदा पाहिलंय. लॅबमध्ये काम करता आणि अजून प्रार्थना करता, असं त्या हसण्याचं म्हणणं असतं. त्यात गेली काही वर्षं इकडची हवाही बदललीय. कुठल्या गावात प्रार्थनेवरून भांडण, कुठं दफनावरून अडवणूक, पेपरात काही ना काही येतंच. आमच्याकडं मुलाच्या वाढदिवसाला चार माणसं आली तरी खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात गाठून विचारतात, "आज मीटिंग है क्या?" एका बाजूनं मी भोळी, दुसऱ्या बाजूनं मी धोकादायक. दोन्ही एकाच वेळी कसं असता येतं, ते मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन नमुन्यांच्या खोलीत बसायला लागले. तिथं गावोगावची माती कागदांवर पसरून वाळत घातलेली असते. काळी कन्हार, पिवळी मटासी, माळावरची तांबडी भाटा. खोली शांत आणि थंड. तिथं मी अगदी सावकाश, कुणाच्या डोळ्यांवर न येता प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा डब्यातले सगळे तुकडे जागच्या जागी होते. मला रडूच आलं. एवढी वर्षं ज्यांच्या चोरीवर मी ओरडत आले, त्यांच्याशिवाय तो मासा घशाखाली उतरेना.

आणि राग तर होताच. तक्रार भाऊंनी केली, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दुसरं कोण करणार? मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. कॉरिडॉरमध्ये समोरून आले तर मी भिंतीवरची सूचना वाचायला लागायची.

शेवटी तेच खोलीत आले. वाळत घातलेल्या मातीला धक्का न लावता, कागदांच्या मधून जपून पाय टाकत.

"मले माहीत हाये तुमी काय समजून राहिल्या ते," ते म्हणाले. "तक्रार मी नाई केली."

"मग कुणी केली?"

"ते मले नाई माहीत. पन मी केली असती तं तुमच्या तोंडावर केली असती. आजपर्यंत तोंडावरच करत आलो ना?"

हे खरंच होतं. माझ्या देवाबद्दल भाऊंनी जे जे म्हटलंय ते सगळं माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलंय. पाठीमागं कुजबुजणं त्यांच्या रक्तात नाही. मी खुर्ची पुढं सरकवली. ते बसले.

"साहेबाले मी सांगितलं," ते म्हणाले, "का बाई डोये मिटते त्यानं माहं काईच बिघडत नाई. बिघडत असतं तं मी पयलेच बोललो असतो. तं म्हनते कसा, तुम्ही तरी रॅशनल आहात. मी म्हटलं, रॅशनल हाओ म्हनूनच सांगून राहिलो."

मला हसू आलं. तरी टेबलावर परत जायला मन तयार होईना. "तुमच्या येशूनंच सांगितलं ना, दार लावून प्रार्थना करा म्हनून?" असंही एक त्यांनी जाता जाता टाकलं. यांना बरोबर नको तेच आठवतं.

त्यानंतर दीदी आली. दार लावून घेतलं आणि माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गार होते. मी विचारायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. तिच्या स्टेटसवरचा तो फोटो होणाऱ्या जावयाच्या आईनं पाहिला होता. पाहून फोन केला की ऑफिसात तुम्ही ख्रिश्चनांच्या प्रार्थनेला बसता काय? धर्म बदललाय काय? असं असेल तर आम्हाला विचार करावा लागेल. दीदीची गाळण उडाली. मी प्रार्थनेला बसत नाही, हे सांगायला तिच्याकडं एकच पुरावा होता, तो म्हणजे आम्ही सगळे माशाचे काटे काढत होतो. आणि तो पुरावा कंठीवाल्या व्याह्यांना देणं म्हणजे तर लग्नावर पाणीच. म्हणून ती म्हणाली की एक मॅडम करते तसं, मला मुळीच आवडत नाही, मी साहेबांकडं तक्रारसुद्धा केलीय. आणि बोलणं खोटं ठरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच तक्रार केली.

"तू?" मी म्हणाले. "तू माझ्याकडून मुलीसाठी प्रार्थना करवून घेतेस, आणि तूच?"

"हव," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला बरंच बोलले. इथं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं ख्रिस्ती माणसाला शोभणारं नव्हतं. ती सगळं ऐकत उभी राहिली. मग म्हणाली की अजून एक आहे. मुलाच्या आईचं समाधान झालेलं नाही. तिला स्वतः त्या मॅडमशी बोलायचंय. आज जेवणाच्या सुट्टीत ती फोन करणार आहे.

"ताई, कह देना कि मैं नहीं बैठती. बस. मछरी के बात झन बताबे." माशाचं सांगू नको, एवढंच तिचं मागणं होतं.

भाऊ दाराबाहेरच होते, त्यांनी ऐकलं आणि दार ढकलून आत आले. "सरळ सांगून द्या ना, मासे खाऊन राहिलो होतो म्हनून," ते म्हणाले. दीदीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते छताकडं बघायला लागले.

मी दीदीला सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. तुझं गुपितही फोडणार नाही. पण मी प्रार्थना करत नाही, किंवा आता करणार नाही, असंही माझ्या तोंडून निघणार नाही. ती म्हणाली, "फिर क्या बोलोगी?" ते मला तरी कुठं माहीत होतं? मुलीचं लग्न एका बाजूला, माझा देव दुसऱ्या बाजूला आणि मध्ये तो रोहू. मी खरंच घाबरले होते.

फोन आला. दीदीनं तो माझ्या हातात दिला. आवाज करारी होता, वयस्क बाईचा.

"आप ही वो प्रार्थना वाली मैडम हैं?"

"जी."

"हमारी समधिन को आप प्रार्थना में बैठाती हैं?"

"मैं किसी को नहीं बैठाती, बहनजी. खाने से पहले अपनी प्रार्थना अकेली करती हूँ."

"फिर फोटो में सब लोग सिर झुकाकर क्या कर रहे हैं?"

दीदीनं पदर तोंडाला लावला. भाऊ छताकडं बघत राहिले.

"मेरी तो आँखें बंद रहती हैं," मी म्हणाले. "उस समय कौन क्या करता है, मुझे क्या दिखेगा?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. भाऊंना मात्र जोराचा खोकला आला आणि ते बाहेर गेले. मग त्या बाईंनी विचारलं की मी त्या वेळी मागते तरी काय? मी म्हटलं, स्वतःसाठी मागत काहीच नाही. ज्यानं पिकवलं, ज्यानं रांधलं, त्याचे आभार मानते आणि देवाचे मानते. "बस?" त्यांनी विचारलं. "बस," मी म्हणाले. त्यांच्याकडंही पहिला घास गाईसाठी काढून ठेवतात, असं त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांचा पुढचा प्रश्न आला.

"किसी को ईसाई बनने को तो नहीं बोलतीं?"

आता नाही म्हटलं की विषय संपला असता. दीदी माझ्याकडं आशेनं बघत होती. पण मला राग आला, आणि या वेळी तो योग्य ठिकाणी आला असं मला आजही वाटतं. मी म्हणाले, "कोई पूछेगा कि मैं क्या मानती हूँ, तो बताऊँगी. छुपाऊँगी नहीं. पर हाथ पकड़कर किसी को नहीं बैठाती."

मग त्या म्हणाल्या की लग्नाला तुम्ही येणार असालच. या. पण तिथं आमची माणसं असतील, तिथं हे सगळं करू नका.

"खाऊँगी तो प्रार्थना भी करूँगी," मी म्हणाले. "आप कहें तो नहीं आती."

"देख लीजिए," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लग्न मोडलं नाही. दीदीनं साहेबांकडं जाऊन तक्रार मागं घेतली आणि कारण विचारल्यावर म्हणाली, गलतफहमी झाली होती. साहेबांचं मत काही बदललं नाही. ते आजही माझ्याकडं बघून तसंच हसतात, आणि मी त्यांना कडक नमस्कार घालते. मी टेबलावर परत गेले. दीदीला मी लगेच माफ केलं, असं म्हणणं बरं दिसलं असतं, पण तसं झालं नाही. काही दिवस मी तिच्याशी तुटक वागले. मग एकदा ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि आपल्या डब्यातली चौसेला, म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी, न विचारता माझ्या डब्यात ठेवली. ती मी खाल्ली, आणि मग राग धरून ठेवणं अवघड झालं.

अक्षय तृतीयेला इकडं अक्ती म्हणतात. त्या मुहूर्तावर लग्न झालं. दीदीच्या गावी मांडवात गर्दी एवढी की माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. खरी परीक्षा पुढं होती. लग्नानंतर मुलीकडची माणसं मुलाच्या घरी जातात, त्याला इथं चौथिया म्हणतात. दीदी म्हणाली, तुला यायचंच आहे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तू नाही आलीस तर मला आयुष्यभर वाटत राहील की मी तुला माझ्या मुलीच्या दारातून परत पाठवलं.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जा की. डोळे उघडे ठेवून प्रार्थना कर. देव काय पापण्या मोजतो?"

तो चुकीचं बोलत नव्हता. वाटेत जीपमध्ये मी तसंच करायचं ठरवलंही होतं. लग्नघर आहे, पोरीचा पहिला दिवस आहे, आपल्या हट्टापायी तिच्या सासूला चार लोकांत कमीपणा कशाला? शेजारी भाऊ बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमाले जे करायचं ते करा. पन मले विचारान तं, चोरून करन्यासारखं काई नाई त्याच्यात." देव न मानणाऱ्याकडून असा सल्ला मिळावा, हेही माझ्याच नशिबी.

अंगणात पंगत बसली. जमिनीवर चटया, पुढं पत्रावळी. एका बाजूला आम्ही मुलीकडचे, समोर त्यांची माणसं, म्हाताऱ्या बायका, गळ्यात कंठ्या. मुलाची आई स्वतः वाढायला निघाली होती. इकडं मुलाची आई वरातीबरोबर येत नाही, त्यामुळं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, सावळ्या, कपाळावर मोठी टिकली. मला कुणी दाखवून दिलं नव्हतं, तरी त्यांनी मला ओळखलं. त्या फोटोमुळं ओळखलंच असणार. भात वाढला गेला, डाळ आली, भाजी आली. सगळ्यांचे हात पत्रावळीकडं गेले. मीही हात पुढं केला आणि घास उचलला. तो तोंडापर्यंत जाईना. वडिलांची आठवण आली असं नाही, देव कोपेल अशी भीती वाटली असंही नाही. एवढं चांगलं गरम अन्न पुढं आलं होतं, ज्या मुलीसाठी मी इतके दिवस मागितलं होतं तिच्याच घरात आलं होतं, आणि मी त्याचे आभार चोरासारखे मानायचे, हे मला सहन होईना. मी घास परत ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले.

आजूबाजूचं बोलणं थांबल्याचं मला ऐकू आलं. समोरच्या बाजूला एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. मी प्रार्थना आखूड केली नाही. मुलीचं नाव घेतलं, तिच्या नवऱ्याचं घेतलं, आणि त्या सासूचंही घेतलं. आमेन म्हणून डोळे उघडले.

त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. एका हातात पुऱ्यांची टोपली, दुसरा हात मागं आडवा धरलेला, म्हणजे मागून खीर घेऊन येणाऱ्याला त्यांनी तिथंच थांबवून धरलं होतं. त्यांच्यामागं सगळी पंगत खोळंबली होती.

"हो गया?" त्यांनी विचारलं.

"जी. हो गया."

त्यांनी वाकून माझ्या पत्रावळीवर पुरी ठेवली, ती गरम आहे ना हे बोटांनी पाहून अजून एक ठेवली, आणि भाऊंना वाढायला पुढं सरकल्या.